जुन्या ३०० झेडएक्ससाठी मोजून घेतलेले सहा इंजेक्टर

हे परीक्षण सहा इंजेक्टरांचं, म्हणजे सिलिंडरांसाठी पेट्रोल फवारणाऱ्या विजेवरच्या झडपांचं, आणि ते मोजून देणाऱ्या कार्यशाळेचं आहे. गाडी निसान ३०० झेडएक्स, झेड३२ पिढीची, ट्विन टर्बो. सुटे भाग विकणारे पुष्कळ आहेत. ही कार्यशाळा मात्र इंजेक्टर डब्यात घालण्याआधी बेंचवर चालवते, प्रत्येकातून किती पेट्रोल जातं ते मोजते आणि त्याचा तक्ता सोबत देते. माझे गुण आधीच सांगते: पाचपैकी साडेचार. या गाडीचा एक जरी इंजेक्टर गेला तरी सहाही बदलावेत आणि मोजलेलेच घ्यावेत, असं माझं ठाम मत झालं आहे. त्याची कारणं नीट मांडायची आहेत, म्हणून थोडं लांबेल.

झेड३२ १९८९ साली आली आणि जपानमध्ये २००० पर्यंत बनत राहिली. म्हणजे सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता पंचविशीला पोचली. तिचं व्हीजी३०डीईटीटी इंजिन म्हणजे २९६० सीसीचं व्ही-सिक्स, प्रत्येक हेडवर दोन कॅमशाफ्ट, दोन टर्बो, दोन इंटरकूलर. बॉनेटखाली हे सगळं इतकं ठासून भरलंय की पाना घालायला जागा शोधावी लागते. वरून दिसतो तो ॲल्युमिनियमचा प्लेनम, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारी पेटी. इंजेक्टर त्याच्या पोटाखाली, दोन हेडांच्या मधल्या घळीत. तिथेच इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी फ्युएल रेल, पेट्रोलच्या रबरी नळ्या, कूलंटच्या नळ्या, इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या पीसीव्हीच्या नळ्या आणि सगळ्यांत तळाशी अवेळी स्फोटांचे ठोके ओळखणारा नॉक सेन्सर. ज्या गाडीत इंजेक्टर वरच्या वर हाताला लागतात, तिथे आज एक बदलू, नाही जमलं तर पुढच्या महिन्यात दुसरा बघू, असं चालतं. इथे दर खेपेला प्लेनम उतरवायचा, गॅस्केट नवं घालायचं, कूलंट पुन्हा भरायचं. त्यामुळे पहिल्याच वेळी सगळं करून मोकळं व्हायचं, याला पर्याय नाही.

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं. थंड इंजिन एका हाकेत चालू व्हायचं, सहाही सिलिंडर सुरात. तापमानाचा काटा मधोमध आला की आयडलिंगला एक ठोका गळायला लागायचा. मागे कच्च्या पेट्रोलचा वास. बूस्टवर, म्हणजे टर्बो जादा हवा भरत असताना, जोर मागितला की अडखळायची. गाडी उभी करून थंड होऊ दिली की पुन्हा काही झालंच नाही अशी.

एका गॅरेजने स्पार्क प्लग काढले, तर १ आणि ३ नंबरचे काजळीने काळे आणि ५ नंबरचा स्वच्छ. त्यांनी लगेच १ आणि ३ नंबरला दोष दिला आणि तिथल्या इग्निशन कॉइल बदलायला सांगितलं. मला ते पटलं नाही आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्या न पटण्यातून घडल्या. या इंजिनात १, ३ आणि ५ हे तीन सिलिंडर एका बाजूला, २, ४ आणि ६ दुसऱ्या बाजूला. प्रत्येक बाजूच्या एक्झॉस्टमध्ये एकच ऑक्सिजन सेन्सर. आता समजा ५ नंबरच्या इंजेक्टरने उघडायचंच सोडून दिलं. त्या सिलिंडरमध्ये हवा येते, दाबली जाते आणि न जळता बाहेर पडते. सेन्सरला दिसतो नुसता ऑक्सिजन. कोणत्या सिलिंडरमधून आला ते त्याला कळत नाही. तो इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतो की या बाजूला पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू त्या बाजूच्या तिघांनाही जास्त पेट्रोल द्यायला लागतो. बंद पडलेल्या ५ नंबरला त्याचा काही उपयोग नाही आणि बिचारे १ आणि ३ गरज नसताना पेट्रोल पिऊन काळे पडतात. मागून येणारा वासही त्यांचाच. न जळलेलं पेट्रोल आणि मोकळा ऑक्सिजन दोन्ही एकत्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोचतात, तेव्हा तो आतून तापून निकामी होऊ शकतो. म्हणून अशी गाडी ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणून फिरवत राहू नये.

म्हणजे काळा प्लग तक्रार करतो आणि स्वच्छ प्लग गुन्हेगार असतो. प्लग वाचणाऱ्याने एकेक सुटा न वाचता, त्या बाजूचे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत.

खात्री करायला इग्निशन आधी बाजूला काढलं. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे. ५ ची कॉइल ३ ला आणि ३ ची ५ ला लावली, तरी गळणारा ठोका ५ नंबरलाच राहिला. इग्निशन कॉइल चालवणारं पॉवर ट्रान्झिस्टर युनिट ही या गाडीची दुसरी जुनी दुखरी जागा आणि तिची लक्षणं थेट अशीच असतात, म्हणून गरम इंजिनावर ५ नंबरची ठिणगी पाहिली. ती जोरकस होती. पेट्रोलचा दाब गेजवर बघितला. दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर साधारण ३ बार, म्हणजे पंप आणि रेग्युलेटर ठीक. उरला इंजेक्टर.

इथे मल्टिमीटर कामाला येतो आणि प्लेनम न उघडता येतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सहाही इंजेक्टरांची एकेक तार स्वतंत्रपणे ईसीयूपर्यंत जाते, त्यामुळे ईसीयूचा कनेक्टर काढून तिथूनच प्रत्येकाचा रोध मोजता येतो. निसानच्या पुस्तकात तो साधारण १० ते १४ ओहम दिला आहे. थंड इंजिनावर ५ नंबर ८ च्या आसपास होता. नुसता तेवढा आकडा पाहून कोणी म्हणेल, थोडा कमी आहे, चालेल. पण तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, अंशामागे सुमारे ०.४ टक्के. २५ अंशांना १२ ओहम दाखवणारी इंजेक्टरमधली धडधाकट कॉइल ८५ अंशांना १४ च्या वर जायला हवी. माझे बाकीचे थोडेफार वर चढले आणि ५ नंबर गरम झाल्यावर ४ वर घसरला. तापल्यावर ओहम खाली जाणं म्हणजे आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन फाटून वेढे एकमेकांना चिकटणं. अशा बिघडलेल्या कॉइलच्या चुंबकाला पेट्रोलचं भोक उघडणारी सुई स्प्रिंगच्या विरुद्ध नीट उचलत नाही. शिवाय १४ व्होल्टला १२ ओहममधून सव्वा अँपिअरच्या आत वाहणारा प्रवाह ४ ओहममधून साडेतीन अँपिअर होतो आणि हा सगळा भार ईसीयूमधल्या त्या इंजेक्टरच्या ट्रान्झिस्टरवर येतो. इंजेक्टरपायी ईसीयू गमावायची वेळ येऊ शकते. मापं घ्यायची तर थंड आणि गरम अशी दोन्ही घ्या. एकट्या थंड मापाने हा दोष सहज निसटतो.

या गाडीच्या इंजेक्टरांच्या कॉइलच का जातात? हे इंजेक्टर साइड-फीड प्रकारचे. पेट्रोल वरून न येता अंगाच्या बाजूने आत शिरतं आणि अंगाभोवती फिरून रेलमध्ये परततं. त्याने इंजेक्टर थंड राहतो, गरम इंजिन पुन्हा चालू करताना वाफेचा त्रास कमी होतो. कल्पना चांगलीच होती. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजेक्टरांच्या कॉइलला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मानवत नाही, त्याने इन्सुलेशन हळूहळू खाल्लं जातं, असं ही गाडी वर्षानुवर्षं हाताळणारे सांगतात. निसानने नंतरच्या वर्षांतल्या गाड्यांमध्ये बदललेल्या रचनेचे इंजेक्टर घातले. त्यांचा कनेक्टर वेगळा, वरची टोपी वेगळी, आणि कॉइल टिकाऊ. जुन्या गाडीत ते बसतात, फक्त कनेक्टर आणि टोप्या सोबत बदलाव्या लागतात. माझ्या मते जुन्या रचनेचा इंजेक्टर, तो पेटीबंद नवा मिळाला तरी, आता घेऊ नये.

खरेदीची कथा दोन टप्प्यांची आहे. आधी एका विक्रेत्याकडून ‘पुन्हा नव्यासारखे केलेले’ सहा इंजेक्टर मागवले. जाहिरातीत फवाऱ्याचे सुंदर फोटो होते. डबा उघडला तर ओ-रिंग नव्या, बाहेरून घासूनपुसून लखलखीत, पण अंगावरचे क्रमांक सगळे एकसारखे नाहीत. प्रवाह किती, कोणत्या दाबाला मोजला, गळती तपासली का, यातलं एक अक्षर नाही. विचारलं तर उत्तर आलं की सगळे तपासलेले आहेत, काळजी करू नका. घरी मल्टिमीटर लावला तर दोन १० च्या खाली. मी ते परत पाठवले. सफाईने नोझलवरचा थर जातो, आतली जाळी बदलता येते, फवारा सुधारतो. कॉइलमधले चिकटलेले वेढे अल्ट्रासॉनिकच्या टाकीत कितीही वेळ बुडवले तरी सुटे होत नाहीत. ज्याला कॉइलबद्दल दोन वाक्यं बोलता येत नाहीत त्याच्याकडून या गाडीचे इंजेक्टर घेऊ नयेत.

मग ही कार्यशाळा. पहिल्या फोनवरच त्यांनी मला विकायला सुरुवात करण्याऐवजी विचारलं, “मॅडम, ओहम थंड असताना मोजलेत की गरम?” तिथेच माझं अर्धं समाधान झालं. मी आकडे सांगितले. ते म्हणाले, “पाच नंबर तर गेलाच. पण बाकीच्या पाचांचे जे आकडे तुम्ही वाचताय, त्यातला एक काठावर आहे. तुम्ही जुने सहाही पाठवा, मी बेंचवर लावून दाखवतो. बघून मग ठरवा, घाई नाही.” मी प्लेनम उतरवून सहाही काढून पाठवले, प्रत्येकाला सिलिंडरच्या नंबरची चिठ्ठी बांधून.

त्यांनी पाठवलेला तक्ता मी जपून ठेवला आहे. प्रत्येक इंजेक्टरसाठी पाच रकाने: थंड रोध, गरम रोध, ३ बारला पूर्ण उघडा ठेवून मोजलेला प्रवाह, आयडलिंगसारख्या छोट्या पल्सवर (इंजेक्टर क्षणभर उघडणाऱ्या विजेच्या झटक्यावर) मोजलेला प्रवाह, आणि बंद असताना गळती. या इंजिनाच्या इंजेक्टरचा मूळ प्रवाह मिनिटाला ३७० सीसी. माझ्या जुन्यांपैकी पूर्ण उघडे असताना चार जण त्याच्या बऱ्यापैकी जवळ होते. फरक दिसला तो छोट्या पल्सला. तिथे चालू असलेल्या पाचांतल्या सर्वांत उदार आणि सर्वांत कंजूष इंजेक्टरमध्ये ११ टक्क्यांचं अंतर होतं.

हा रकाना नीट समजून घ्यायला हवा, कारण अनेक विक्रेते फक्त पूर्ण उघड्या अवस्थेचा आकडा देतात. आयडलिंगला इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडा असतो. करंट मिळाल्यापासून सुई प्रत्यक्षात उचलली जाईपर्यंत त्यातलाच बराच वेळ जातो. एखाद्याची सुई थोडी आळशी असेल, तर पूर्ण उघडल्यावर तो इतरांइतकंच पेट्रोल देईल, पण छोट्या पल्सला मागे पडेल. आयडलिंगची थरथर बहुतेक याच रकान्यात लपलेली असते. आणि पूर्ण उघड्या अवस्थेचा रकाना टर्बोवाल्यांसाठी जीवनमरणाचा. पूर्ण बूस्टवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, साठवलेल्या नकाशाप्रमाणे सहाही सिलिंडरना सारखीच पल्स देतो. तिथे एखादा इंजेक्टर कमी देत असेल तर त्या एका सिलिंडरमध्ये मिश्रण पातळ होतं, डेटोनेशन म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट होतो आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. पाच सिलिंडर ठणठणीत असताना एकट्या सहाव्यापायी अख्खं इंजिन खोलावं लागतं. म्हणून संच जुळलेला हवा, याबाबत मी कोणतीही तडजोड मानत नाही.

नवे सहा आले ते वेगवेगळ्या पिशव्यांत, दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपणं, प्रत्येकावर क्रमांक आणि तोच क्रमांक तक्त्यात. छोट्या पल्सवर सहांमधलं अंतर २ टक्क्यांच्या आत, पूर्ण उघडे असताना १ टक्क्याच्या आसपास. गळती शून्य. मी घरी पुन्हा ओहम मोजले, थंड आणि मग हेअर ड्रायरने तापवून. सहाच्या सहा तापल्यावर वर चढले. सोबत ओ-रिंगांचा पूर्ण संच, नव्या टोप्या, नवे कनेक्टर तारांच्या तुकड्यांसकट, आणि टोप्या आवळायला ॲलनचे स्क्रू.

त्या स्क्रूंसाठी त्यांचे विशेष आभार. मूळ स्क्रूंची डोकी जपानी जेआयएस प्रमाणाच्या चौफुलीची असतात. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि खाच गुळगुळीत करून टाकतो. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते आधीच रुतलेले. जेआयएसचा ड्रायव्हर घ्या, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा आणि हातोडीच्या ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. माझे सगळे सुटले.

आता जुने काढण्याबद्दल आणि नवे बसवण्याबद्दल, कारण उत्तम इंजेक्टर वाईट हातांनी बसवले तर परीक्षणाला अर्थ राहत नाही. सुरुवात पेट्रोलचा दाब उतरवण्यापासून. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं, ते आपोआप बंद पडलं, मग स्टार्टर थोडा फिरवून घेतला. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवलं. तरीही रेल सोडवताना वाटीभर पेट्रोल सांडतंच, खाली कापड हवं. प्लेनमचे पुढचे बोल्ट सोपे आहेत. खरी परीक्षा पाठीमागे, फायरवॉलकडे, जिथे एक्झॉस्टचा थोडा वायू परत आत नेणारी ईजीआरची नळी दिसत नाही, फक्त बोटांना जाणवते. तिथे घाई केली की बोल्टाची डोकी जातात.

प्लेनम उचलला की घळीत वर्षांची माती, वाळलेली पानं, तेलाचा चिकटा. इंजेक्टर काढायच्या आधी हे सगळं व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, मग फुंकायचं. आधी इंजेक्टर काढला तर वाळूचा कण थेट त्याच्या खोबणीत पडतो. उघड्या पडलेल्या इनटेकच्या सहा भोकांत कापडाचे बोळे घालायचे आणि किती घातले ते मोजून ठेवायचं. त्या भोकातून खाली पडलेला वॉशर व्हॉल्व्हवर जाऊन बसतो.

आता पेट्रोलच्या नळ्यांची गोष्ट, आणि हिच्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. प्लेनमखालच्या रबरी नळ्या इंजेक्टर बदलताना बदलल्याच पाहिजेत. माझ्या बाहेरून बऱ्या दिसत होत्या. काढून वाकवल्या तर पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उमटलं. तापलेल्या इंजिनाच्या मधोमध ३ बार दाबाने पेट्रोल वाहणारी नळी फुटली तर काय होईल, हे लिहायची गरज नाही. नळी घेताना तिच्या अंगावर एसएई जे३० आर९ छापलेलं बघा. आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी असते, दिसायला अगदी तशीच. क्लॅम्पही इंजेक्शनवाल्या नळीचे, वळवलेल्या कडांचे घ्या. खाचांच्या पट्टीचे नेहमीचे क्लॅम्प रबरात रुततात आणि ते कापतात. कार्यशाळेने नळी संचात दिली नव्हती, पण फोनवर “नळ्या मागवल्यात ना?” असं त्यांनीच आधी विचारलं होतं.

तळाशी हात पोचला आहे तोवर नॉक सेन्सरची तार बघून घ्या. ती ठिसूळ झालेली असतेच. कूलंट आणि पीसीव्हीच्या ज्या नळ्या दाबल्यावर दबत नाहीत, त्याही बदला. वरून सगळं बंद झाल्यावर यातली एकही गोष्ट पुन्हा सहज हाताला लागत नाही.

ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावून इंजेक्टर सरळ, अंगठ्याने सारख्या दाबाने बसवायचे. तिरका गेला की ओ-रिंगची कड चिरते आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून सहाही बसवल्यावर, प्लेनम अजून टेबलावर असतानाच, बॅटरी जोडून किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवली. पंप काही सेकंद चालून दाब धरतो. टॉर्च घेऊन प्रत्येक टोपी, प्रत्येक क्लॅम्प पाहिला, पांढरा कागद खाली फिरवला. किल्ली बंद करून पुन्हा ऑन, पुन्हा पाहणी. सगळं कोरडं निघालं तेव्हाच प्लेनम चढवला, नव्या गॅस्केटवर, मधून बाहेरच्या दिशेने थोडं थोडं आवळत.

निकाल? थंड इंजिन पूर्वीही चांगलंच होतं, तरी पहिल्याच वेळी आरपीएमच्या काट्याची स्थिरता वेगळी जाणवली. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर कंप जवळजवळ नाही. मागचा वास गेला. बूस्टवर जिथे अडखळायची तिथून आता ती एका दमात वर जाते, आणि हे इंजिन तसं जाताना जो आवाज करतं त्याच्यासाठीच मी ही गाडी सांभाळते. काही दिवस सगळ्या प्रकारे चालवून पुन्हा प्लग काढले. सहाही फिकट तपकिरी, १, ३ आणि ५ शेजारी ठेवले तर कोणता कुठला ते ओळखू येत नाही. इंजिन ऑइल मी लगेच बदललं होतं, कारण १ आणि ३ मध्ये इतके दिवस जादा ओतलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरलेलं असणार. हे कोणी विसरू नये. पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगना पुरं पडत नाही.

कापलेला अर्धा गुण कागदपत्रांचा. एवढा देखणा तक्ता देणाऱ्यांनी नवे कनेक्टर जोडण्याची एक साधी पानभर माहिती द्यायला हवी होती. जुना कनेक्टर कापून नवा जोडताना तारा किती लांब ठेवायच्या, सांधा कुठे येऊ द्यायचा, म्हणजे प्लेनमखाली दबणार नाही, हे मला फोन करून विचारावं लागलं. त्यांनी शांतपणे समजावलं, पण फोन लागायलाच वेळ लागतो, कारण काम करणारा माणूसच फोन घेतो. जोडताना सोल्डर करा किंवा चांगल्या क्रिम्पने जोडा, वर गरम करून आवळणारी नळी चढवा. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली तार त्या उष्णतेत टिकणार नाही. आणि एका वेळी एकच कनेक्टर कापा, म्हणजे कोणती तार कोणत्या सिलिंडरची हा घोळ होत नाही. हे इंजिन प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेला वेगळं पेट्रोल देतं. दोन तारा अदलाबदल झाल्या तरी गाडी चालते, फक्त नीट चालत नाही, आणि मग दोष शोधता शोधता नाकी नऊ येतात.

किंमत सफाईपेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्यांच्या सहाही इंजेक्टरांचे ओहम गरम आणि थंड दोन्ही वेळा जागेवर आहेत, इंजेक्टर नव्या रचनेचे आहेत आणि तक्रार फक्त फवाऱ्याची आहे, त्यांनी याच कार्यशाळेकडून सफाई आणि मोजणी करून घ्यावी, नवे घ्यायची गरज नाही. त्यांनी स्वतःच मला तसं सांगितलं असतं, याची मला खात्री वाटते. ज्यांची गाडी टर्बो नसलेली आहे त्यांनी ऑर्डर देताना ते स्पष्ट कळवावं. त्या इंजिनाचे इंजेक्टर ३७० सीसीपेक्षा लहान असतात, आणि टर्बोचे मोठे इंजेक्टर ईसीयूचा नकाशा न बदलता त्यात घातले तर सगळेच सिलिंडर माझ्या १ आणि ३ नंबरसारखे काळे पडतील.